मँगनीजची वही: प्रकल्प नोंदी

५ ऑगस्ट

सरांनी चिठ्ठ्या उडवल्या. तांबं, लोखंड, क्रोमियम सगळं आधीच्या बाकांवर गेलं, आमच्या वाट्याला मँगनीज. जोडीदारीण म्हणाली, "हे काय गा, ह्याचं कोण काय बघितलंय?" मला मात्र नाव रोजचं. बाबा इथे बेळगावात उद्यमबागला फौंड्रीत मेल्टिंगवर आहेत, त्यांच्या तोंडून "मँगनीज कमी पडलं" हे वाक्य लहानपणापासून ऐकते. साखर कमी पडली, तसं.

विषय: संक्रमण मूलद्रव्याची अणुरचना आणि गुणधर्म. दोन महिने. सादरीकरण इंग्रजीत करायचं आहे. वही मराठीतच ठेवणार, कारण चूक कुठे झाली ते मला मराठीतच कळतं. सर कन्नड घरातले, पण मराठी आमच्याहून शुद्ध वाचतात. त्यांची हरकत नाही.

सुरुवातीची टिपणं. अणुअंक २५. अणुवस्तुमान ५४.९४. निसर्गात एकच टिकाऊ समस्थानिक, ५५चा. इलेक्ट्रॉन २, ८, १३, २. बाहेरचं बघायचं तर ४एस मध्ये दोन आणि ३डी मध्ये पाच. डी च्या पाचही कक्षकांत (म्हणजे इलेक्ट्रॉनच्या खोल्यांत) एकेकच. ह्यावर सरांचं दरवर्षीचं ठरलेलं उदाहरण म्हणजे बसच्या सीट. आमच्या खानापूर गाडीला ते तंतोतंत लागू पडतं: सकाळी पहिले पाच जण पाच खिडक्या धरतात आणि शेजारच्या सीटवर पिशव्या ठेवतात.

८ ऑगस्ट

वाचन. १७७४ साली स्वीडनमध्ये शीलेनं पायरोलुसाइट ह्या काळ्या खनिजात नवं मूलद्रव्य आहे असं ओळखलं, आणि त्याच वर्षी गान यानं ते कोळशाबरोबर तापवून धातू वेगळा काढला. मॅग्नेशियम आणि मँगनीज ही दोन्ही नावं ग्रीसमधल्या मॅग्नेशिया ह्याच भागावरून आली. म्हणजे परीक्षेत दोन्हीत गोंधळ घालणारे आम्ही पहिले नव्हे.

पायरोलुसाइट म्हणजे मँगनीज डायॉक्साइड. देशातल्या खाणी बालाघाट, नागपूर, भंडारा पट्ट्यात. आपल्या कर्नाटकात बळ्ळारीकडे संडूरला. आपल्या जवळचं म्हणजे घाटाखाली गोव्यात रिवण आणि इकडे उत्तर कन्नडात. आजोबा सांगायचे, दांडेलीला फेरोमँगनीजचा (लोखंड-मँगनीजच्या मिश्रधातूचा) कारखाना होता. प्रकल्पात ह्यातलं काही घालायची गरज नाही, पण लिहून ठेवलं.

११ ऑगस्ट

रंगांचा प्रयोग, पहिला दिवस. साखर, कॉस्टिक सोडा, पोटॅशियम परमँगनेट. श्रावण असल्यामुळे कॉस्टिकची बाटली उघडली तर गोळ्यांचा लगदा. हवेतलं पाणी ओढून आपणच विरघळून बसल्या होत्या. वजन काय घेणार? सरांनी स्टोअरमधून नवी बाटली फोडायला परवानगी दिली, पण आधी रजिस्टरमध्ये सही. नवीन बाटलीतल्या गोळ्यासुद्धा तराजूवर ठेवल्या ठेवल्या घामेजायला लागल्या. आम्ही आकडा पक्का न धरता भराभर पाण्यात टाकल्या. इथे अचूकपणाची गरज नव्हती, हे नशीब.

मग खरी गंमत. साखर-सोड्याच्या पाण्यात परमँगनेटचे थेंब टाकले. जांभळा. दहा-पंधरा सेकंदांत निळसर. मग हिरवा, असा हिरवा की बाटलीत भाताचं तरवं पेरलंय असं वाटावं. तो थोडा टिकला. मग पिवळट, आणि शेवटी तपकिरी गढूळ.

जांभळा +७, म्हणजे मँगनीजचे सात इलेक्ट्रॉन गेलेले. हिरवा मँगनेट +६. मधला निळा म्हणजे वेगळी अवस्था नव्हे, जांभळा आणि हिरवा एकत्र दिसतो तो. तपकिरी म्हणजे +४, तेच शीलेचं काळं खनिज, बारीक कणांत. साखर इलेक्ट्रॉन देत जाते, मँगनीज एकेक पायरी उतरत येतो. व्हिडिओ चांगला आला, फक्त मागे जोडीदारीण "अगं अगं अगं" म्हणतीये ते कापायला हवं.

हातमोजे एकाच जोडीचे होते, ते तिनं घातले. माझी तीन बोटं तपकिरी.

१४ ऑगस्ट

सादरीकरणाची पहिली पाटी तयार केली: "संक्रमण मूलद्रव्यांची संयुगं रंगीत असतात, कारण डी कक्षकातले इलेक्ट्रॉन प्रकाश शोषून वरच्या पातळीला जातात." पुस्तकातलं वाक्य जसंच्या तसं.

सरांनी वाचलं. म्हणाले, "परमँगनेटमध्ये मँगनीज किती?"

"प्लस सात."

"मग डी मध्ये किती उरले?"

मी बोटं मोजली (तपकिरी तीनच पुरली नाहीत). पाच आणि दोन सात, सातही गेले. शून्य.

"मग उडी कोण मारतंय?"

उत्तर नाही. सर चहाला गेले.

एकूण ठरवलेली पाटीच चुकीची निघाली. म्हणजे चुकीची नाही, पण आम्ही ज्याचा रंग दाखवून टाळ्या घेणार होतो त्यालाच ती लागू नाही.

१८ ऑगस्ट

उलट बाजूनं तपासलं. +२ अवस्थेत डी मध्ये पाच इलेक्ट्रॉन, सगळे जागेवर. पुस्तकाच्या नियमानं ह्यानं तर रंगाची उधळण करायला हवी. ह्याच +२ अवस्थेतल्या मँगनीज सल्फेटची बाटली काढली. स्फटिक अगदी फिकट गुलाबी, धुऊन विटलेल्या ओढणीसारखे. पाण्यात विरघळवले तर पाणीच.

कलरीमीटर लावला (द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र), हिरवा फिल्टर. परमँगनेटची अगदी पातळ द्रावणं, पुढे शोषणाचा आकडा:

०.०००१ मोलर: ०.२३
०.०००२ मोलर: ०.४६
०.०००३ मोलर: ०.७०
०.०००४ मोलर: ०.९१

आलेख जवळजवळ सरळ रेषा. चौथा बिंदू किंचित खाली बसला, नळीवर माझा ठसा होता बहुतेक. आता मँगनीज सल्फेट, पूर्ण १ मोलर, म्हणजे पहिल्या द्रावणाच्या दहा हजार पट दाट. काटा शून्याच्या आसपास घुटमळला. वीज गेली. पुन्हा आली. पुन्हा तेच.

परमँगनेटचं मोलर शोषण, म्हणजे १ मोलरमागचं शोषण, हिरव्या प्रकाशात दोन हजारांच्या वर. साध्या पाण्यातल्या मँगनीज +२ चं एका शतांशाच्या घरात. लाखाच्या पटीतला फरक, आणि तोही नियमाच्या बरोबर उलट दिशेला.

२२ ऑगस्ट

सरांबरोबर तास-दीड तास. फळ्यावरचं सगळं उतरवून घेतलं, इथे माझ्या शब्दांत.

+२ चं आधी. पाच इलेक्ट्रॉन, पाच कक्षक, सगळ्यांची फिरकी (स्पिन) एकाच दिशेला. एकाला वर जायचं तर जायचं कुठे? प्रत्येक कक्षकात कोणीतरी आहेच. एका कक्षकात दुसरा शिरायचा तर त्यानं फिरकी उलटी करायला हवी. नुसत्या प्रकाशाच्या धक्क्यानं फिरकी सहजी उलटत नाही. म्हणून उड्या जवळपास होतच नाहीत, आणि रंग इतका फिका.

आता +७. मँगनीजच्या डी मध्ये कोणी नाही, पाचही खोल्या रिकाम्या. पण अणू एकटा कुठे आहे? त्याच्या चारही बाजूंना ऑक्सिजन बसलेत, चौफेर. हिरवा प्रकाश पडला की ऑक्सिजनकडचा इलेक्ट्रॉन मँगनीजच्या रिकाम्या खोलीत उडी मारतो. घरातल्याघरात माळ्यावर चढणं नव्हे हे, शेजाऱ्याच्या घरात उडी. ह्याला फिरकीची अडचण नाही, दुसरी कसली अडचण नाही, म्हणून शोषण जबरदस्त. हिरवा गिळला जातो, डोळ्याला जांभळा उरतो.

ह्या उडीला विद्युतभार स्थानांतर म्हणतात. पाटी बदलली: "मँगनीज +२ फिका का आणि +७ गडद का." जोडीदारणीचं म्हणणं, एवढं सांगायला पाच मिनिटं पुरणार नाहीत. बरोबर आहे. इतिहासाची पाटी काढून टाकू.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. घरी आज्जीनं मोदकाच्या पिठाला हात लावू दिला नाही. बोटं बघून म्हणाली, "विहिरीत टाकायचं लाल औषध हातानं कालवलीस काय?" तिला बरोबर कळलं. पावसाळ्यात आमच्या विहिरीत परमँगनेटचे खडे टाकायचे, पाणी गुलाबी व्हायचं, दुसऱ्या दिवशी रंग उडालेला असायचा. रंग गेला म्हणजे औषध संपलं, असं ती सांगते. खरं तर रंग गेला म्हणजे औषधानं काम केलं. पाण्यातली घाण जाळताना मँगनीज खाली उतरला.

८ सप्टेंबर

विसर्जन झालं, कॉलेज सुरू. टायट्रेशन, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबथेंब सोडून किती लागतं ते मोजणं.

०.०२ मोलर परमँगनेट (२५० मिलीला ०.७९ ग्रॅम), ०.०५ मोलर ऑक्झॅलिक ॲसिड (२५० मिलीला १.५८ ग्रॅम). हिशोबानं ऑक्झॅलिकच्या १० मिलीला परमँगनेट १० मिली लागायला हवं, कारण दोन परमँगनेटला पाच ऑक्झॅलेट.

पहिला प्रयत्न फुकट. फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळ झालं. जोडीदारणीनं सल्फ्युरिक घातलं होतं, पण पिपेटच्या टोकाएवढं. ॲसिड कमी पडलं की मँगनीज +२ पर्यंत पोहोचत नाही, +४ लाच बसून राहतो. ११ ऑगस्टच्या बाटलीतला तोच गाळ. मला राग आला होता, पण चूक ओळखीची निघाली म्हणून बरंही वाटलं.

दुसरा प्रयत्न. ॲसिड नीट, फ्लास्क ६०-७० अंशांना, हाताला चटका बसेल इतका. पहिला थेंब टाकला. गुलाबी. हलवला. तरी गुलाबी. मी दुसरा सोडायला निघाले तर सर मागून म्हणाले, "तडि, तडि." थांबले. मोजत राहिले, वीस, पंचवीस, आणि एकदम रंग गेला. दुसरा थेंब पाच-सहा सेकंदांत गेला. त्यानंतर थेंब पडायचा अवकाश, नाहीसा.

पहिल्या थेंबाला इतका आळस का? कारण ह्या क्रियेला वेग देणारा मँगनीज +२ स्वतः त्या क्रियेतूनच तयार होतो. सुरुवातीला तो नसतोच. एकदा थोडा तयार झाला की पुढच्यांना ओढून घेतो. सर ह्याला विरजण म्हणाले. आईच्या तोंडचा शब्द सरांच्या तोंडून ऐकून हसू आलं.

वाचनं: १०.१, १०.०, १०.०. रंग गडद असल्यामुळे ब्युरेटमध्ये (खुणांच्या उभ्या नळीत) द्रावणाची खालची कड दिसत नाही, वरची वाचायची. पहिलं वाचन मी खालची शोधत बसल्यामुळे चुकलं असावं. दर्शक वेगळा लागत नाही, शेवटचा फिका गुलाबी टिकला की थांबायचं.

१२ सप्टेंबर

उद्यमबाग. बाबांच्या फौंड्रीत मालकांच्या परवानगीनं तासभर. वाळूचा वास, आणि उष्णतेनं चष्मा कोरडा.

ओतण्याआधी लहान चमच्यानं रस घेऊन नाण्याएवढं सँपल पाडतात. ते घासून मशीनच्या ठिणगीखाली धरतात. ठिणगीत अणू पेटतात, प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या रेषांचा प्रकाश देतो, आणि मिनिटाच्या आत स्क्रीनवर आकडे. मी अणुरचनेच्या पाटीसाठी वर्णपटाचं चित्र शोधत होते; बाबा तो दिवसातून वीस वेळा बघतात.

गंधक ०.०८ टक्के दिसलं. बाबांनी मनातच हिशोब केला: गंधकाच्या १.७ पट, अधिक ०.३. म्हणजे मँगनीज ०.४४ टक्के हवं. होतं ०.३६. फेरोमँगनीजचे खडे मोजून टाकले. का, तर गंधक मोकळं राहिलं की लोखंडाला चिकटतं आणि कास्टिंग कडक, ठिसूळ होतं, मशीनवर टूल तुटतात. मँगनीज गंधकाला आधी धरतो आणि निरुपद्रवी दाणा करून टाकतो. "हा सूत्र कुणी शिकवला?" विचारलं तर म्हणाले, "आधीच्या मिस्त्रीनं. तोच बारावी नापास होता, पण चुकायचा नाही."

१६ सप्टेंबर

आता चुंबकत्व. हिशोब सोपा: मँगनीज +२ मध्ये एकटे इलेक्ट्रॉन पाच, पाच गुणिले त्याहून दोन जास्त म्हणजे सात, पस्तीस, त्याचं वर्गमूळ ५.९२ बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचं माप). पहिल्या संक्रमण ओळीच्या साध्या आयनांत ह्याहून जास्त कोणाचंच नाही. लोखंड +३ बरोबरीला येतं, कारण त्याच्याकडेही पाचच एकटे.

मग मँगनीज चुंबकाला लोखंडासारखा चिकटायला हवा. नाही चिकटत. धातूत शेजारशेजारच्या अणूंची चुंबकं एकमेकांना काटशह देतात, आणि उणे १७५ अंशांच्या आसपास थंड केल्यावर तर नीट उलटसुलट रांगेत बसतात. धातूची रचनाही विचित्र: नेहमीच्या तापमानाला एका घनाकृती घरात (रचनेच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्यात) ५८ अणू. लोखंडाच्या घरात दोन. इतक्या वाकड्या रचनेमुळे शुद्ध मँगनीज ठिसूळ, हातोडीनं फुटतो, म्हणून एकट्याचा उपयोग जवळपास नाही. वितळणबिंदूही शेजाऱ्यांपेक्षा खाली: १२४६ अंश. क्रोमियमचा १९०७, लोखंडाचा १५३८. अर्ध्या भरलेल्या डी मधले पाच इलेक्ट्रॉन घट्ट बसून राहतात, बंधात हातभार कमी लावतात.

इथेही तेच. अणूकडे बघून जे वाटतं ते धातूत होत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

क्रशरवर. बाबांचे मित्र खडी क्रशरवर फिटर आहेत, त्यांना काका म्हणते. दगड चावणारा क्रशरचा जबडा, त्यातल्या जॉ प्लेटा मँगनीज स्टीलच्या. १८८२ मध्ये हॅडफील्डनं शेफील्डला शोधलेलं: सुमारे १२ टक्के मँगनीज, १ टक्क्याच्या थोडं वर कार्बन. जितका मार बसेल तितका पृष्ठभाग कडक होत जातो. रेल्वेच्या रुळांचे क्रॉसिंगही ह्याचेच ओततात, लोंढा स्टेशनला थांबलं की ज्यावरून गाडी खडखडते ते.

मी जुन्या स्पीकरचा चुंबक नेला होता. झिजलेल्या प्लेटच्या चकाकत्या भागावर ठेवला. घसरून पडला. ८५ टक्क्यांहून जास्त लोखंड, आणि चुंबक पडतो! आनंदानं व्हिडिओ काढला. मग शेजारच्या नव्या, न वापरलेल्या प्लेटवर ठेवला तर हलकासा धरला. पुन्हा ठेवला. पुन्हा धरला.

माझा चेहरा पडला असणार. काका म्हणाले, "काय झालं गं?" सांगितलं. त्यांनी काही न बोलता ग्राइंडर आणला, हातभर जागेवर फिरवला. ठिणग्या, करड्या सालीखालून पांढरी चकाकी. "आता लाव." चुंबक खाली.

भट्टीत तापवताना वरच्या सालीतला कार्बन आणि मँगनीज थोडा निघून जातो, तेवढी पातळ साल साध्या लोखंडासारखी होते. आत मँगनीज लोखंडाच्या अणूंना वेगळ्याच मांडणीत बसायला भाग पाडतो, आणि त्या मांडणीत लोखंड चुंबकाला ओळख देत नाही. काकांना हे दुसऱ्या कारणानं माहीत: भंगारवाला चुंबक लावून बघतो, चिकटला नाही की एकदम भाव वाढवायला लागतो, त्याला स्टेनलेस वाटतं. "मी पण सांगत नाही," म्हणाले.

२५ सप्टेंबर

सरांना व्हिडिओ दाखवला. ते बराच वेळ बघत होते. मग कपाटातून जुनं मासिक काढलं आणि एक गोष्ट दिली: १९०३ मध्ये हॉइस्लर ह्या जर्मन माणसानं तांबं, मँगनीज आणि ॲल्युमिनियम एकत्र करून मिश्रधातू केला. तिघांतला एकही चुंबकाला चिकटत नाही, मिश्रधातू चिकटतो. मँगनीजचे अणू पुरेसे लांब बसले की काटशह थांबतो आणि सगळ्यांची दिशा एक होते.

पाट्यांची रचना पुन्हा बदलली. आता तीनच: परमँगनेट, जॉ प्लेट, हॉइस्लर. तिन्हींवर एकच प्रश्न लिहिला, "शेजारी कोण?" जोडीदारणीला हे फारच घरगुती वाटलं. मी इंग्रजीत लिहिलं तर तिला भारी वाटलं. चालायचंच.

वनस्पतीचं घालायचं राहिलं. पानात पाणी फोडून प्राणवायू काढणारा गाभा चार मँगनीज आणि एका कॅल्शियमचा. घाटाच्या वाटेवरची सगळी हिरवाई त्यावर चालते. पण वेळ नाही.

६ ऑक्टोबर

सादरीकरण झालं. सात मिनिटं दिली होती, बाहेरून आलेल्या परीक्षकांनी अकराव्या मिनिटाला थांबवलं. पहिल्या बाकावर रंगांच्या व्हिडिओला टाळ्या आल्या. शून्य डी इलेक्ट्रॉनच्या वेळी वर्ग शांत. परीक्षकांनी मला एकच प्रश्न विचारला: मँगनेट हिरवा आहे, त्यात डी मध्ये एक इलेक्ट्रॉन आहे, मग तो रंग त्या इलेक्ट्रॉनचा? मी म्हटलं नाही, तिथेही मुख्य उडी ऑक्सिजनकडचीच. शब्द अडखळले, "शेजारी" इंग्रजीत सुचेना, मराठीतच निघून गेला. ते हसले. त्यांनाही कळलं.

७ ऑक्टोबर

वस्तू परत केल्या. ब्युरेटच्या तोटीत तपकिरी थर बसला होता, साबणानं जाईना. ऑक्झॅलिक ॲसिडचे चार थेंब आणि थोडं गरम पाणी, काच स्वच्छ. बोटांवरचे जुने डाग कधीच गेले, पण काल पाट्या आवरताना बाटली सांडून नवे पडले. ऑक्झॅलिक हाताला लावायचं नाही. आईच्या डब्यातली व्हिटॅमिन सीची गोळी ओली करून घासली. तपकिरी डाग आधी पिवळट, मग नाहीसा. +४ वरून +२ वर. आज्जी बघत होती. म्हणाली, "दिवाळीला फराळ करायला चालशील."